चौऱ्याऐंशी ओळींची चाळण

चौऱ्याऐंशी ओळी होत्या. मी मोजल्या होत्या, कारण त्या मी लिहिल्या होत्या, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. आजोबा मेंढरं राखायचे. वडिलांनी मेंढरं विकून कमलनगरजवळ कोरडवाहू जमीन केली. मी गुलबर्ग्याला इंजिनिअरिंग करून हैदराबादेत नोकरीला लागलो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी मोठेपणा म्हणूनच सांगतोय.

कंपनी लहान होती. आम्ही एक कार्ड बनवायचो, कारखान्यातल्या संगणकात बसवायचं. ते चालता चालता तापायचं, म्हणून त्याच्या पाठीवर काडेपेटीएवढा पंखा होता. तो पंखा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझ्याकडे आला. हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये जायला हवा होता. कर्नल म्हणजे संगणकाच्या सगळ्या कारभाराचा तळ. स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं त्याच्या डोक्यावर उभं असतं. हा कर्नल जगभरची माणसं मिळून लिहितात. कुणीही भर घालावी, पण ती आधी मेलवर सगळ्यांसमोर मांडावी लागते, आणि कर्नलच्या त्या त्या भागाला एकेक राखणदार असतो. त्यानं मान हलवली तरच तुमचं काम आत जातं.

गिऱ्हाईक म्हणत होतं, ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तरच कार्ड घेऊ. आणि मी तेव्हा सहा महिन्यांच्या बोलीवर होतो. आमच्या मॅडम हैदराबादच्याच, घरी तेलुगू, ऑफिसात इंग्रजी, पण मी बीदरकडचा आहे हे कळल्यापासून माझ्याशी सरळ दखनीत बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हिशेब मांडून दिला होता.

"देखो बीदर साब, ड्रायव्हर अंदर, तो तुम भी अंदर. ड्रायव्हर बाहर..." मग त्या चहा प्यायल्या.

काम काही डोंगर फोडायचं नव्हतं. पंख्याला तीन शब्द कळायला हवे होते: ऑफ, ऑटो आणि फुल. वापरणाऱ्यानं एका फाइलीत यातला एक शब्द लिहायचा, ड्रायव्हरनं तो ओळखायचा आणि पंखा तसा चालवायचा. दुसऱ्या फाइलीत आकडा लिहायचा, किती तापल्यावर पंखा सुरू व्हावा त्याचा. शब्द वाचणं आणि आकडा वाचणं, बस.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की बाहेरच्या प्रोग्रामांना मिळणारी नेहमीची लायब्ररी कर्नलच्या आत चालत नाही. ते खरंच आहे. त्यावरून मी असं धरून चाललो की आत काहीच तयार मिळत नाही, ज्याचं त्यानं शिजवून खायचं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मी एकेक अक्षर वाचत जाणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामातला एकाच कामाचा तुकडा, लिहिलं, मोकळ्या जागा टाकणारं लिहिलं, मोठ्या अक्षरांची लहान करणारं लिहिलं, अक्षरांचा आकडा करणारं लिहिलं. चौऱ्याऐंशी ओळी झाल्या. छापून घेतल्या आणि खोलीवर नेऊन भिंतीला लावल्या. माझ्याबरोबर राहणारा पोरगा बँकेची परीक्षा देत होता. तो म्हणाला, "कोणता देव आहे हा?"

मेल टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचलो तर राखणदाराचं उत्तर येऊन पडलेलं. तो युरोपातल्या कुठल्याशा गावात राहायचा. बाकी ड्रायव्हरबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नव्हतं. माझ्या चौऱ्याऐंशी ओळींखाली मात्र तीन वाक्यं होती. मराठीत सांगायचं तर अशी: हे करणारी फंक्शन्स कर्नलच्याच लिब फोल्डरमध्ये आहेत. ती वापरा. नवीन लिहू नका.

जगभरचे हजारो लोक ती मेल वाचत असणार, असं मला वाटलं. खरं तर आठ-दहा जणांनी वाचली असेल. पण भर पंगतीत कुणी म्हणावं, 'ए, तुझं ताट घेऊन उठ', तसं मला झालं.

मी उत्तर लिहिलं. एकोणीस ओळींचं. त्याचं सार असं, की माझं फंक्शन मी स्वतः लिहिलेलं आहे, तपासलेलं आहे, त्यात एकही चूक नाही, आणि मला दुसऱ्याच्या फंक्शनची गरज नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.

हे वाक्य कुठून आलं ते सांगायला मला गावाकडं जावं लागेल.

आमच्या गल्लीत एक लिंगायत घर होतं, बसवण्णांना मानणारं. घरात कन्नड, दारात मराठी. तिथले कर्ते पुरुष म्हणजे सगळ्या गल्लीचे अप्पा. अप्पांच्या ओट्यावर भिंतीला सात खिळे होते आणि सात खिळ्यांना सात चाळण्या. तुरीची वेगळी, ज्वारीची वेगळी, हरभऱ्याची, करडईची, अशा. तुरीची रास झाली, की शेंगांचा कचरा नि खडे काढायला माय मला पाठवायची, "जा, अप्पाच्या ओट्यावरून दुसऱ्या खिळ्याची चाळण आण." काम झाल्यावर झाडून, पुसून, त्याच खिळ्याला परत लावायची. जाळीची तार सुटलेली दिसली तर ज्याच्या हातात चाळण असेल त्यानं ती बांधून मगच लावायची. हा गल्लीचा नेम.

मला ते चाळण आणायला जाणं आवडायचं नाही. ओट्यावर अप्पा बसलेले असायचे, आणि मला वाटायचं ते बघायलेत, की हे घर दरवर्षी मागायला येतं. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. पण शाळेत पहिला नंबर यायला लागल्यावर मला ते फारच लागायला लागलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत आलो तेव्हा मी ठरवलं, आपण इंजिनिअर होणार, चाळण आपण करू. तेलाचा पत्र्याचा डबा कापला, पट्टीनं रेघा आखल्या, खिळा नि हातोडा घेऊन दोन दिवस भोकं पाडली. भोकं अगदी ओळीत होती. फक्त सगळी सारखी नव्हती. खिळा कुठं जास्त गेला, कुठं कमी. शिवाय खालून पत्र्याला काटे आले, त्यात शेंगा अडकल्या. चाळल्यावर तूर नि खडे जोडीनं खाली आले, आणि वर राहिला तो माझा घाम.

माय पदर तोंडाला लावून हसली. "तिकडं खिळ्याला चाळण लटकायलीय, अन् तू डबा ठोकत बसलास कामून?"

अप्पा मुद्दाम बघायला आले. चाळण उन्हात धरून त्यांनी एक डोळा मिटला. "इंजिनिअर साहेब," ते म्हणाले, "ह्यातनं चाँद-तारे छान दिसायलेत. तुरीचं काय ते नंतर बघू."

गल्ली आठवडाभर हसली. मी हसलो नाही. आपण कुणाकडं काही मागायचं नाही, ही गाठ मी तेव्हा मारून घेतली, आणि तीच गाठ घेऊन मी हैदराबादला आलो होतो. आता त्या एकोणीस ओळी तुम्हाला कळतील.

शुक्रवारी मॅडमनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं. कार्ड संगणकात बसवून झाकण उघडं ठेवलं होतं. युरोपातून काही उत्तर नव्हतं. मला वाटलं, गप्प बसवला.

"चलाके दिखाओ," मॅडम म्हणाल्या.

मी माझा तपासणीचा प्रोग्राम चालवला. त्यानं फाइलीत 'फुल' लिहिलं आणि पंखा भिरभिरला. ऑफ लिहिलं, थांबला. मी मागं सरून हाताची घडी घातली.

"अब मैं करतूं," म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. त्यांनी प्रोग्राम वगैरे काही चालवला नाही. कुणीही माणूस करेल तसं केलं: साधी एको कमांड देऊन फाइलीत फुल लिहिलं आणि एंटर दाबलं. पंखा जागचा हलला नाही. स्क्रीनवर आलं, चुकीचा शब्द. त्यांनी परत लिहिलं. परत तेच. कार्ड तापायला लागलं. मॅडमनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"क्यों मियाँ, ये पंखा खाली तुम्हारीच बात सुनता क्या?"

कारण मला कळायला पाच मिनिटं लागली. माणूस एको कमांडनं शब्द लिहितो तेव्हा शब्दाच्या शेवटी ओळ संपल्याची एक खूण आपोआप जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण असते. माझं फंक्शन मोकळ्या जागा टाकायचं, पण ही खूण त्याला माहीतच नव्हती. त्याला 'फुल' दिसत नव्हतं, 'फुल आणि वर काहीतरी' दिसत होतं. माझ्या तपासणीच्या प्रोग्रामात ती खूण नव्हती, कारण तो प्रोग्रामही मीच लिहिला होता. चाळणही माझी, तूरही माझी, खडे कोण बघणार.

मग मी लिब फोल्डर उघडलं, कर्नलमध्ये सगळ्यांसाठी तयार फंक्शन्स ठेवलेलं. त्या दिवसापर्यंत उघडलं नव्हतं, हे लिहायला आजही लाज वाटते. तिथं दोन शब्द एकच आहेत का ते बघणारं फंक्शन होतं, आणि त्याच्या डोक्यावर टीप होती, की शेवटी ओळ संपल्याची खूण आली तर ती धरू नये, फाइलीतून येणाऱ्या शब्दांसाठीच हे केलंय. माझ्याआधी कुणाचा तरी पंखा असाच बंद पडला असणार. त्याच्या शेजारी आकडा वाचणारं होतं. आकड्यामागं कचरा असेल तर नाही म्हणणारं, आकडा मावत नसेल तर सांगणारं. माझं आकड्याचं फंक्शन 'साठ'च्या पुढं 'पोपट' लिहिलं तरी साठच वाचायचं. तेही मी तिथंच तपासून बघितलं. तिथं आणखीही होतं: स्वल्पविरामांनी तोडलेली यादी सोडवणारं, एकाखाली एक पर्याय ताडून बघणारं, आकड्यापुढं के किंवा एम लावला तर त्याचे हजार किंवा दहा लाख करणारं. सगळी ओळीनं लावलेली.

मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांनी एकोणीस ओळींची मेल वाचलेली होती. रागावल्या नाहीत, तेच वाईट. "कर्नल की खिड़की अगले हफ्ते बंद होती," एवढंच म्हणाल्या. म्हणजे या खेपेला राखणदारानं घेतलं नाही तर पुढची खेप अडीच-तीन महिन्यांनी. माझे सहा महिने त्याआधी संपत होते.

कोड बदलणं तासाचं काम होतं. पण त्याच्यासोबत मेल लिहावी लागणार होती, सगळ्यांसमोर, माझ्याच त्या एकोणीस ओळींच्या खाली. शनिवार मी त्यात घालवला. लिहायचो, खोडायचो. रविवारी घरी फोन केला. तेव्हा मायकडं नवा मोबाइल आलेला होता, आणि ती तो कानापासून वीतभर लांब धरून बोलायची, त्यामुळं गल्लीलाही ऐकू जायचं.

"काय करायलास?" तिनं विचारलं.

"काम करायलोय. एक चूक केलो."

"कशाची?"

आता कर्नल कसं सांगू? म्हटलं, "तयार चाळण होती माय. मी न बघता आपली ठोकलो. खडे खाली आले."

 मग माय जे हसली ते मला आजही ऐकू येतं. "आरं, परत?"

"हसू नको. आता सगळ्यांपुढं सांगावं लागतंय, की तुमची द्या म्हणून. मला मागायचं जिवावर येतंय. तुला ठावं हाय."

"मागायचं?" माय म्हणाली. "कुणाला मागायचं?"

"जसं अप्पाकडं जायचो मागायला."

"तू कवा मागितलास रे अप्पाला? मुकाट काढून आणायचास अन् मुकाट लावायचास. कुणाला मागायला लागू नये म्हणून तर ओट्यावर लावल्यात, आत न्हाई. घरात ठेवल्या असत्या तर मागायला लागलं असतं."

 इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. ओट्याला दार नसतं.

"अन् समद्या काय अप्पाच्या हायेत होय?" माय पुढं म्हणाली. "चौथ्या खिळ्याची करडईची चाळण तुझ्या आजानं लावलीय. मेंढरं इकली त्या वर्षी चिटगुप्प्याच्या बाजारातनं आणली होती. अप्पाच्या घरचे बी करडई त्याच चाळणीनं चाळतेत."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"त्यात सांगायचं काय? खिळ्याला हाय की."

मग ती वीतभर लांबूनच म्हणाली, "अन् तुझी चाळण बी हाय बरं का. टाकली न्हाई. कोंबडीची पिल्लं झाकायलेय तिच्याखाली. हवा चांगली येतीय."

सोमवारी मी मॅडमना माझी माफीची मेल दाखवली. पानभर होती. त्यात माझं कॉलेज होतं, माझी परिस्थिती होती, दोनदा 'विनम्रपणे' होतं. मॅडमनी चष्मा वर केला.

"इतना नक्को. जैसा कोड काटे, वैसा इसको भी काटो."

काटून काटून एक ओळ उरली: तुमचं बरोबर आहे, दुसरी आवृत्ती सोबत पाठवतो आहे. ती पाठवली. चौऱ्याऐंशी ओळींच्या जागी नऊ ओळी बसल्या, त्यातही दोन मोकळ्या. मॅडमनी एको कमांडनं फुल लिहिलं आणि पंखा असा फिरला की टेबलावरचा कागद उडाला.

दोन दिवस काही आलं नाही. मी दर अर्ध्या तासानं मेल बघत होतो आणि मधल्या वेळात बसून काय करायचं, म्हणून त्याच फोल्डरमधले दुसऱ्या लोकांचे ड्रायव्हर वाचत होतो. आणि मला तिथं माझ्यासारखेच दोघे सापडले. दोन जुन्या पंख्यांचे ड्रायव्हर, दोन वेगळ्या देशांतल्या माणसांनी लिहिलेले, दोघांनी शब्द ओळखायची आपापली फंक्शन्स ठोकलेली. एकाला ओळ संपल्याची खूण कळत नव्हती. दुसऱ्याला कळत होती, पण आकड्यामागचा पोपट तोही गिळत होता. मला इतका आनंद झाला की मी मॅडमना हाक मारली.

"देखो मॅडम, गोरे लोगां भी डिब्बा ठोकते."

डबा काय ते त्यांना सांगावं लागलं. ऐकून त्या इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतून हिशेबनीस उठून आले.

चाळण वापरली तर सुटलेली तार बांधून परत लावायची. मी त्या दोन्ही ड्रायव्हरांतली फंक्शन्स काढली, लिबमधली लावली, दोन वेगळे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, केले आणि माझ्या ड्रायव्हरच्या मागोमाग पाठवले. कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. तिन्ही घेतले होते. माझ्या ड्रायव्हरखाली एकच शब्द, 'घेतला'. त्या दोन पॅचांखाली मात्र त्यानं एक वाक्य लिहिलं होतं: हे बरेच दिवस कुणीतरी करायला हवं होतं, धन्यवाद. एकोणीस ओळींबद्दल काही नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या, स्क्रीन वाचली आणि म्हणाल्या, "आ जाओ अंदर." कायम केल्याचं पत्र महिनाअखेर मिळालं, पण माझ्यासाठी मी त्याच मिनिटाला कायम झालो.

मायला फोन केला.

"झालं काम," मी म्हटलं. "पक्का झालो."

"बरं झालं. किती लिहिलास मग?"

"लिहिलो न्हाई. काढलो. माझ्या चौऱ्याऐंशीतल्या पंच्याहत्तर, अन् दुसऱ्यांच्या शंभरेक."

 "काढायचा पगार देतेत?"

"व्हय."

"मग ये इकडं. शेतात लई हाय काढायला."

संक्रांतीच्या आसपास गेलो. तुरीची रास पडलेली होती. माय काही बोलायच्या आत मी अप्पांच्या ओट्यावर गेलो. अप्पा आता थकले होते, खुर्चीत बसून होते. मी दुसऱ्या खिळ्याची चाळण काढली आणि मग पुढं जाऊन चौथ्या खिळ्याची करडईची चाळण हातात घेऊन बघितली. कड जुन्या पितळी तारेनं गुंडाळलेली होती. एका बाजूला जाळी नवीन होती, कुणीतरी नुकतीच बांधलेली.

"ती करडईची हाय, साहेब," अप्पा म्हणाले. "तुरीला चालत न्हाई."

"ठावं हाय अप्पा. आमचीच हाय."

"तुमची?" अप्पांनी माझ्याकडं एक डोळा मिटून बघितलं, त्या वर्षी चाळणीतून बघितलं होतं तसंच. "तुमची ती पिल्लांवर हाय. ही ओट्याची."

मी ती चौथ्या खिळ्याला परत लावली, तुरीची काखेत मारली आणि राशीकडं निघालो.